इफ्फत खानमचा मुतखडा आणि आमच्या घरचा रिवास

नेशापूर, उर्दिबेहेश्त महिना, शनिवार

आदरणीय फुरूजान मावशी,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. परवा गुरुवारी संध्याकाळी रूजबेह आणि त्यांच्या आई इफ्फत खानम मला पाहायला आले. स्थळ तुम्ही सुचवलेलं.

२. चहा झाल्यावर बाबा म्हणाले, "आता जेवूनच जा." रूजबेह म्हणाले, "बरं."

३. त्या दिवशी घरात मटणाचा रस्सा होता, डोंगरावरच्या रिवासचे, म्हणजे रुबार्बचे, आंबट देठ घालून केलेला. तोच वाढला.

४. इफ्फत खानमनी पहिला घास तोंडाजवळ नेला, तेव्हा मी त्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं.

५. थोड्या वेळाने अर्धं परत केलं.

६. आईच्या मते स्थळ गेलं. घाई दिसू नये म्हणून ती येत्या गुरुवारी तुम्हाला फोन करणार आहे. मध्यस्थ तुम्ही, त्यामुळे तुम्ही "गेलं" म्हणालात की ते गेलंच.

तुम्हाला निर्णय घ्यायचा आहे, तर तो पूर्ण माहितीवर घ्यावा, एवढ्यासाठीच हे पत्र. माझा कुठल्याही बाजूला कल नाही.

आता नमस्कार, जो आईच्या मते सर्वांत वर यायला हवा होता. तुमची तब्येत कशी आहे? गुडघे? अहवाजमध्ये आतापासूनच अंगाची लाही होत असेल. इथे सकाळी अजून स्वेटर लागतो. काकांना सलाम. मुलांना माझ्यातर्फे काय सांगायचं असतं ते सांगा. आम्ही सगळे बरे आहोत (आई माझ्याशी बोलत नाही, पण भूक आणि झोप दोन्ही व्यवस्थित आहे). पत्राबरोबर ओल्या फडक्यात रिवासची जुडी आहे, मशहदहून निघणाऱ्या बसच्या चालकाकडे दिली आहे. वरचे पानांचे तुकडे मी पूर्ण काढले आहेत. देठाला पान चिकटलेलं दिसलंच तर फेका, पानं विषारी असतात, कोशिंबिरीत घालून प्रयोग करू नका. (मागच्या वर्षी तुम्ही "एवढी हिरवीगार, टाकवत नाहीत" म्हणाला होतात, म्हणून लिहिते.)

तुम्ही फोनवर विचारलं होतं की रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असताना रिवास चालतो का. चालतो, पण बेताने, आणि डॉक्टरांना सांगून. त्यात के जीवनसत्त्व आहे (क नव्हे, क वेगळं, तेही थोडं आहे), आणि के हे त्या गोळीच्या उलट दिशेने ओढतं. एक दिवस ताटभर आणि मग महिनाभर काही नाही, असं करायचं नाही. थोडा आणि नेहमी सारखाच, म्हणजे गोळीचं माप बिघडत नाही. बाकी देठात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. शंभर ग्रॅमला वीसेक कॅलरी, दीड-दोन ग्रॅम तंतू, पोटॅशियम बऱ्यापैकी. कॅल्शियमही भरपूर आहे असं कागदावर दिसतं, पण देठातलं ऑक्झॅलिक आम्ल त्याला घट्ट धरून बसतं आणि शरीराच्या हाती फारसं लागू देत नाही. पोट साफ होतं म्हणतात ते थोडं तंतूंमुळे. खरं जोरदार काम करते ती रेवंदचिनी, म्हणजे याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची मुळी, आणि तिची कीर्ती आमचा देठ फुकटात मिरवतो. आईचं सरबत मात्र या हिशोबात धरू नका. त्यात एक भाग रिवास आणि दोन भाग साखर असते आणि त्याला ती औषध म्हणते.

आता गुरुवार. पाहुणे येणार म्हणून आईने मला दोन सूचना दिल्या होत्या. एक, चहाचा ट्रे आणताना हसायचं. दोन, मी काम करते त्या प्रयोगशाळेचं बोलायचं नाही. (मी पोटात असताना तिला दुसरं काही पचत नव्हतं, ती रिवासवरच होती, आणि रिवास प्रकृतीने थंड, म्हणून मी अशी थंड निघाले, हा तिचा सिद्धांत तुम्हाला माहीत आहेच. अख्ख्या नेशापुरात बायका वसंतात रिवास खातात आणि त्यांच्या मुली रस्त्यात उभ्या राहून खिदळतात, हे मी तिला दाखवून दिलं आहे. ती म्हणते, "बघ, हे कसं थंडपणे सांगितलंस.") मी हसले. ट्रे नीट ठेवला. रूजबेहनी "आभारी आहे" म्हणून एक पेला घेतला. ते पाणीखात्यात आहेत, विहिरींची आणि जुन्या भुयारी कालव्यांची पाणीपातळी मोजतात, हे तुम्ही सांगितलं होतं. त्यांना समोरच्या माणसाचं वाक्य जसंच्या तसं घ्यायची सवय आहे, हे सांगायला विसरलात.

इफ्फत खानम बोलक्या आहेत. साखरेचा खडा दाताखाली धरून त्यांनी पहिल्याच पेल्यात मुतखड्याची हकीकत सुरू केली: गेल्या हिवाळ्यात तो कसा अडला, त्या कशा भिंतीला धरून उभ्या राहिल्या, कसा एकदाचा बाहेर आला, आणि डॉक्टर त्याला कॅल्शियम ऑक्झॅलेटचा म्हणाले. "अगदी पिस्त्याएवढा, बाई. डबीत जपून ठेवलाय." (पिस्त्याएवढा त्या वाटेने येत नाही. मसुरीएवढा असावा. मी बोलले नाही, कारण सूचना दोन.) आई कळवळली, बाबांनी छताकडे पाहिलं. मग चहा संपला, चपला शोधायची वेळ आली, आणि बाबा म्हणाले ते वाक्य, जे आपल्याकडे दारातल्या पायपुसण्यासारखं सगळ्यांसाठी अंथरलेलं असतं. त्याला उत्तर "छे छे, कशाला त्रास", मग पुन्हा आग्रह, पुन्हा "नको", मग निरोप. हे शेंबड्या पोरालाही येतं. रूजबेह "बरं" म्हणाले आणि परत बसले. इफ्फत खानमनी मुलाकडे असं पाहिलं की जणू तो भर बाजारात अनवाणी निघाला. आई उभ्या उभ्या गोठली. तिच्याकडे चौघांपुरता रस्सा होता आणि माणसं सहा, कारण कुदरत मामाही आला होता, रिवासच्या जुड्या घेऊन, थेट डोंगराखालच्या गावाहून.

मी नंतर विचार केला. बाबांनी जेवायला सांगितलं. रूजबेहना भूक होती. घरात जेवण होतं. या तीन गोष्टींतून "बरं" हेच निघतं. यात चूक कुठे आहे ते मला आईने अजून दाखवून दिलेलं नाही.

असो. वाढायला घेतलं. रस्सा कमी पडू नये म्हणून आईने त्यात आणखी दोन जुड्या रिवास कापून घातला होता आणि आता त्याच्या गुणांचं वर्णन करून मटण कमी असल्याचं झाकत होती. यकृताला झाडू मारल्यासारखं होतं, पित्त उतरतं, रक्त स्वच्छ होतं, नजर तेज होते. (रक्त स्वच्छ करायला मूत्रपिंडं असतात. नजरेबद्दल काही सांगता येत नाही. आई गेली अनेक वर्षं रिवास खाते आणि सुईत दोरा मी ओवते.) कुदरत मामाला जोर चढला.

"अहो, माणूसच रिवासातून निघाला," तो म्हणाला. "आपले जुने लोक सांगायचे ना. पहिला पुरुष आणि पहिली बाई, दोघं एकाच देठातून उगवली, गळ्यात गळा घालून. तेव्हा कुणी गुण विचारले नव्हते."

हे त्याने माझ्याकडे आणि रूजबेहकडे आळीपाळीने बघत सांगितलं. मी मीठ हवं का ते पाहायला उठणार होते.

रूजबेहनी विचारलं, "आणि पानं?"

"कसली पानं?"

"देठाची माणसं झाली. पानांचं काय झालं? पानं विषारी असतात ना?"

"पानांच्या सासवा झाल्या," मामा म्हणाला आणि स्वतःच हसला. मग त्याला इफ्फत खानम कशासाठी आल्या आहेत ते आठवलं आणि तो भात चिवडायला लागला.

तेवढ्यात इफ्फत खानमनी घास उचलला. मावशी, माझी बाजू एवढीच आहे: ज्या बाईने अर्ध्या तासापूर्वी स्वतःच्या तोंडाने ऑक्झॅलेटचा खडा सांगितला, तिच्या पुढ्यात आमच्या घराने ऑक्झॅलेटचं ताट ठेवलं होतं, दोन जुड्या वर घालून. मी हे आकडे रोज बघते. माझा हात आधी गेला आणि विचार मागून आला, असं माझ्याबाबतीत सहसा होत नाही. ताट माझ्या हातात, त्यांचा घास हवेत. आईने अगदी मऊ आवाजात मला दोर टाकला: "यगाने, बेटा, खानमना अजून गरम वाढायचंय म्हणून घेतलंस ना?"

मी म्हणाले, "नाही."

एवढ्या एका शब्दासाठी आई माझ्याशी बोलत नाही. ताटाचं ती एक वेळ विसरली असती.

इफ्फत खानमनी घास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "राहू दे हो. तुमच्या घरचं अन्न आमच्या नशिबात नसेल." बाबांनी माफी मागितली, आईने माफी मागितली, मामाने रिवासच्या वतीने माफी मागितली. मी कारण सांगितलं: आम्ल, कॅल्शियम, खडा. मला वाटतं, मी नीट आणि थोडक्यात सांगितलं. आईचं म्हणणं की मी पोलीस ठाण्यात बोलतात तशी बोलत होते.

तेव्हा रूजबेह म्हणाले, "दह्याबरोबर दिलं तर? दह्यातलं कॅल्शियम त्या आम्लाला पोटातच धरून ठेवेल. मग ते मूत्रपिंडापर्यंत जाणार नाही." आणि मग, "बरोबर ना? आमच्याकडे पाण्याच्या पाइपात खार धरतो, त्यावरून म्हणतोय."

बरोबर होतं. पाइपात आणि पोटात ते तसंच्या तसं होत नाही, पण निष्कर्ष बरोबर होता, आणि तो मला सुचायला हवा होता. ज्या बाईला खडा झालेला आहे तिने रिवास टाळलेलाच बरा, तरी थोडा, दह्याबरोबर, वर भरपूर पाणी, इतपत चालतं. म्हणून मी ताटातलं अर्धं काढून ठेवलं, अर्धं त्यांच्यापुढे ठेवलं आणि शेजारी मोठा वाडगाभर दही. पाहुणीचं ताट उचलणं हा एक अपराध. ते अर्धं करून परत देणं हा त्याहून वेगळा, त्याला आपल्या भाषेत अजून नाव नाही, असं आई म्हणाली (त्या वेळी ती बोलत होती). इफ्फत खानमनी त्या अर्ध्या ताटाकडे थोडा वेळ पाहिलं आणि मग सगळं खाल्लं. दहीही. शिष्टाचार म्हणून की भूक म्हणून, हे कळायला मार्ग नाही.

जाताना दारात, चपला घालताना, रूजबेहनी मला विचारलं, "वरच्या उतारावर उशिरा थंडी पडते, पानं करपून काळी पडतात. अशा वेळी पानांतलं विष देठात उतरतं का?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

मावशी, हे वाक्य मी आमच्या दारात पहिल्यांदाच म्हणाले असेन. ते म्हणाले, "मलाही माहीत नाही," आणि त्यांना याचं समाधान वाटल्यासारखं दिसलं. इफ्फत खानम गाडीतून "चल आता" म्हणाल्या. एवढंच.

काल सकाळी इफ्फत खानमचा फोन आला. आभार वगैरे झाले, आणि मग: "मला जरा थंड बाधलंय. बरं वाटलं की पुढचं बघू." आईने फोन ठेवला आणि डोक्याला हात लावला. कारण एक तर, रिवास थंड आणि दहीही थंड. त्या बाईला मी थंडावर थंड खायला घातलं, वर उष्ण उतारा म्हणून खजूर नाही, खडीसाखरेचा चहा नाही, काही नाही. माझ्या शास्त्राने दही बरोबर होतं, आईच्या शास्त्राने तो सरळ घात होता. आणि दुसरं, त्या वाक्यातलं "थंड" हे रिवासला उद्देशून नाहीच, असं तिचं ठाम मत आहे.

"जेवण नाही बाधलं तिला, तू बाधलीस," ती म्हणाली (भिंतीकडे बघून, माझ्याशी ती बोलत नाही).

"असं कुठे म्हणाली ती? थंड बाधलं म्हणाली. अर्धं ताट रिवास न् वाडगाभर दही खाल्ल्यावर बैलालाही बाधेल," मामा म्हणाला.

"बैलाची आई स्थळ मोडायला फोन करत नाही."

दोन्ही अर्थ त्या वाक्यात बसतात. मी हे वाक्य बऱ्याच वेळा तपासलं. रिवास बाधला असेल तर उपाय सगळ्यांना माहीत आहे, आलं आणि खडीसाखर घ्यायची, दोन दिवसांत उतरतं. मी बाधले असेन तर काय घ्यायचं असतं ते मला माहीत नाही. तुम्ही इफ्फत खानमना माझ्यापेक्षा जास्त ओळखता आणि ही भाषाही तुम्हाला येते. गुरुवारी आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी माझी माहिती दिली. तुम्ही "गेलं" म्हणालात तरी मी रागावणार नाही. मी काम करते, मला वेळ असतोच असं नाही.

काकांना पुन्हा सलाम. जुडी आल्यावर फडकं बदला, नाहीतर देठ मऊ पडतील.

आपली नम्र,
यगाने

ता.क. १. वरचं पत्र आईला फोनवर वाचून दाखवायला हरकत नाही. इथून पुढचं नको.

ता.क. २. कुदरत मामाकडून मी दोन जुड्या वेगळ्या मागून घेतल्या होत्या, एक वरच्या उतारावरची, पानं करपलेली, आणि एक खालची. आज कामाच्या वेळेआधी प्रयोगशाळेत जाऊन तपासल्या. वरच्या देठात आम्ल थोडं जास्त निघालं. पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. झाडं वेगळी, माती वेगळी, देठांचं वय वेगळं. नीट करायचं तर एकाच उतारावरची, करपलेली आणि न करपलेली झाडं शेजारी शेजारी हवीत, आणि जमिनीचं तापमान नोंदवणारं कुणीतरी हवं. तशी उपकरणं पाणीखात्यात असतात.

ता.क. ३. मी प्रयोगशाळेत होते तेव्हा फोन वाजला. पलीकडून विचारलं, "रिवासबद्दल सांगू शकेल असं कुणी आहे का?" मी म्हणाले, आहे. रूजबेहच होते. मी दोन्ही जुड्यांचे आकडे सांगितले, ते पहिल्यांदा मीच ऐकत होते असं वाटलं, इतके बारीक प्रश्न त्यांनी विचारले. मग मी त्यांच्या आईंची तब्येत विचारली. ते म्हणाले, "खजूर खातेय. तिला थंड बाधलंय हे खरं आहे, आमच्या घरात थंड म्हणजे थंडच. पण तिने तुम्हाला विचारायला सांगितलंय, पुन्हा आलो तर ताट उचलणार का?" मी म्हणाले, काय वाढलंय त्यावर अवलंबून आहे. पलीकडे मागून एका बाईच्या हसण्याचा आवाज आला. त्यामुळे वरच्या वाक्याचा अर्थ मला आता माहीत आहे. आईला माहीत नाही, आणि मी सांगितलं तर "तू त्याच्याशी फोनवर बोललीस" एवढंच तिला ऐकू येईल.

ता.क. ४. येत्या शुक्रवारी कुदरत मामा वरच्या उतारावर जाणार आहे. गाडीत पुढे इफ्फत खानम बसणार आहेत (डोंगरावर त्यांना हवा मानवते), मागे रूजबेह आणि उपकरणं, आणि एक जागा शिल्लक आहे. मला आईने सोडावं यासाठी मला तुमची गरज आहे. गुरुवारी ती फोन करेल तेव्हा कृपा करून स्थळाचं बोलण्याआधीच सांगा की तुम्हाला गोळ्यांसोबत चालेल असा रिवास हवा आहे, पाच किलो, आणि तो यगानेनेच जाऊन निवडून आणायला हवा, दुसऱ्या कुणाला कळणार नाही. आई म्हणेल, "अगं ताई, शनिवारीच तर पाठवला." तुम्ही नेहमी "नको गं, कशाला त्रास" म्हणता, तीनदा, आणि चौथ्यांदा घेता. या वेळी नको म्हणू नका. पहिल्याच वेळी "हवाय" म्हणा. अवघड आहे, मला कल्पना आहे. रूजबेहना जमतं.

मला जायचं आहे.

जमेल की नाही ते प्रयोगशाळेच्या नंबरवर कळवा, घरच्या नाही. बुधवारपर्यंत उत्तर पाठवा.